नावाडी लिहीत आहे

मामांच्या बायकोचं म्हणणं असं, की ज्या माणसानं घरात स्वतःचं एक वाक्य धड पुरं केलं नाही, त्यानं गावाची वाक्यं पुरी करायचा मक्ता घेतला होता. बायको म्हणते म्हणून त्यातलं थोडं वजा करू, पण फार नको. मामा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. म्हणजे प्रयोग चालू असताना विंगेत एका डुगडुगत्या स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी, आणि रंगमंचावर कुणी अडलं की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द हळूच पुरवायचे. दोनच. तिसरा शब्द द्यावा लागला तर तो नटाचा अपमान, असं मामांचं शास्त्र. सदतीस वर्षं त्यांनी हेच केलं. प्रेक्षकांना ते कधी दिसले नाहीत, आणि दिसले असते तर ती त्यांची चूक धरली गेली असती.

शब्द काय, कुणीही पुरवेल. वही समोर असते. मामांची खरी करामत होती ती शब्द कधी द्यायचा नाही, हे ओळखण्यात. नट गप्प उभा आहे. तो थांबलाय की अडलाय? चेहऱ्यावरून कळत नाही, कारण चेहऱ्यानं थापा मारणं हीच त्याची नोकरी. मामा पायांची बोटं बघत. कंपनीची नाटकं जुन्या काळातली, सगळ्यांच्या पायात उघड्या वहाणा. बोटं आत वळली की समजायचं, गडी अडला. बोटं सैल असली की तो नुसता थांबलाय, त्याला राहू द्या.

ही विद्या त्यांना एका वहाणेनं शिकवली. कंपनीच्या नायकाला सगळे राजे म्हणत, कारण तीस वर्षं त्यांनी दुसरी भूमिका केलीच नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका प्रयोगात राजे सिंहासनासमोर गप्प उभे राहिले आणि मामांनी घाबरून शब्द टाकला. मध्यंतरात रंगपटात राजांची उजव्या पायातली वहाण मामांच्या कानावरून गेली. “अरे गाढवा, मी थांबलो होतो! माझी शांतता खाल्लीस तू!” दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी एकाच कपातला चहा. तेव्हापासून मामा बोटं बघायला लागले, आणि राजे विंगेकडे न बघता हवं तितकं थांबायला लागले. माणसाचा माणसावर विश्वास म्हणतात तो हाच, दुसरा काही वेगळा असेल असं मला वाटत नाही.

मामा निवृत्त झाले आणि वर्षभरात राजांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. शब्द डोक्यात लख्ख असायचे, पण तोंडापर्यंत यायला त्यांना वेळ लागायचा. मामा दर बुधवारी भेटायला जात. राजे म्हणत, “मला...” की मामा लगेच, “पाणी? चहा? खिडकी लावू?” राजे थोडा वेळ त्यांच्याकडे बघत आणि मग पाण्याला मान हलवत. मामा खूश होऊन पाणी आणत. राजे त्या वर्षात तहान नसताना किती पाणी प्यायले असतील, त्याची गणती नाही.

राजांची मुलगी कॉम्प्युटरवर एक खेळ चालवत असे. त्यात चित्रं नाहीत, बंदुका नाहीत, नुसतं लिहिणं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ते कसं आहे याचा फॉर्म भरायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून आपापल्या पात्राचं बोलणं-वागणं लिहीत गोष्ट पुढे न्यायची. तिनं वडिलांना त्यात बसवलं. डाव्या हाताच्या एका बोटानं राजे लिहायला लागले आणि एकदम खुलले. महिनाभरात त्यांनी तिच्यामागे भुणभुण लावली, की मामाला घे.

मामांनी फॉर्म भरला तो असा. पात्राचं नाव: दिवाणजी. वय: पोक्त. हातात काय: कंदील. पात्राला काय हवं आहे: काही नको.

मुलीचा फोन आला. “मामा, ज्याला काहीच नको तो गोष्टीत करणार काय?”

“उभा राहील.”

“उभं राहायला खांब असतात. काहीतरी हवं असू दे हो त्याला.”

मामांनी डोकं खाजवून लिहिलं, ‘सगळं वेळेवर व्हावं.’ मुलगी हसली आणि तिनं दिवाणजींना आत घेतलं. फॉर्मच्या तळाशी नियम होते. ‘सर्व नियम मान्य’ या चौकोनात मामांनी न वाचताच खूण केली. तुम्ही-आम्ही तरी कुठे वाचतो?

आत गेल्यावर मामांना पहिला धक्का बसला तो राजांना बघून. तीस वर्षं मुकुट घातलेल्या माणसानं पात्र घेतलं होतं नावाड्याचं. नदीला पूर आलेला, काठावर सात-आठ प्रवासी गोळा झालेले, दिवाणजीही त्यांत. प्रवाशांनी नावाड्याला विचारलं, “नेशील का पलीकडे?” पडद्याच्या खालच्या कडेला बारीक अक्षरं उमटली: ‘नावाडी लिहीत आहे.’

दोन मिनिटं झाली. पाच झाली. मामांची नजर सवयीनं पाय शोधायला लागली. इथे बघायला पायाची बोटं नव्हती, नुसती अक्षरं होती. सात मिनिटं! सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रंगमंच सात मिनिटं गप्प ठेवला नव्हता. मामांनी लिहून टाकलं: ‘नावाडी म्हणाला, बसा सगळे. नेतो पलीकडे.’ आणि कपाळावरचा घाम पुसला.

बारीक अक्षरं विझली. थोड्या वेळानं ओळ आली: ‘नावाडी निघून गेला.’

पाठोपाठ मुलीचा फोन. “मामा, काय केलंत हे?”

“अगं, तो अडला होता.”

“अडले नव्हते, लिहीत होते. बाबांचा नावाडी नाही म्हणणार होता. या पुरात मी तुम्हाला नेणार नाही, माझ्या होडीत कुणी बुडायचं नाही, असं काय काय. मी शेजारी उभी होते.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “घरात आम्ही सगळे त्यांची वाक्यं पुरी करतो मामा. आई करते, मी करते, दूधवालासुद्धा करतो. ही एकच जागा होती जिथे कुणी करत नव्हतं.”

मामा बुधवारी गेले. राजांनी भिंतीकडे तोंड करून घेतलं. मामा म्हणाले, “अरे, चूक झाली. एकदा...” आणि पुढे त्यांना सुचेना. त्या खोलीत त्यांना शब्द देणारं कुणी नव्हतं. ते परत आले. राजांनी खेळ सोडला. मुलगी म्हणाली, कॉम्प्युटरवर आता टॉवेल टाकून ठेवलाय.

“एवढं काय लागलं त्याला?” मामा घरी बायकोला म्हणाले. “तीस वर्षं मीच तर त्याला...”

बायकोनं तोंड उघडलं.

“सांभाळलं,” मामांनी स्वतःच वाक्य पुरं केलं. “असंच म्हणणार होतीस ना तू?”

“नाही,” बायको म्हणाली. “मी म्हणणार होते, की तीस वर्षं तुम्ही त्यांची बोटं बघायचात. आजारी पडल्यावर एकदा तरी बघितलीत?”

 बघितली नव्हती. आजारी माणूस अडलेलाच असतो, असं त्यांनी धरून टाकलं होतं. सकाळभर ते गॅलरीत बसून राहिले. मग आत येऊन त्यांनी नवा फॉर्म मागवला आणि या वेळी नियम वाचले. पहिलाच नियम ठळक अक्षरांत होता: दुसऱ्याच्या पात्राला बोलायला लावू नये.

पात्राचं नाव: म्हातारा. हातात काय: काही नाही. पात्राला काय हवं आहे: नदीपलीकडे जायचं आहे. पात्राला काय येतं: थांबता येतं. बोलण्याची ढब: अजून माहीत नाही.

मुलीनं एकही प्रश्न न विचारता फॉर्म मंजूर केला.

त्या दिवशी चार वाजता मामांनी लिहिलं: ‘म्हातारा काठावर येऊन बसला. नावाडी नाही. म्हातारा थांबला आहे.’ दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा: ‘म्हातारा थांबला आहे.’ बाकीचे खेळाडू त्याच्याशी बोलायला आले, एकानं तर घोड्यावरून पुलापर्यंत सोडतो म्हणून सांगितलं. म्हातारा मान हलवून बसून राहिला. सगळे नऊ दिवस मामांनी चारची वेळ चुकवली नाही. बायकोनं दाताच्या डॉक्टरकडची चारची वेळसुद्धा बदलून घेतली, वर ऐकवलं, की लग्नात मात्र हा गृहस्थ तासभर उशिरा आला होता.

दहाव्या दिवशी मामांनी ओळ लिहिली आणि पडद्याच्या कडेला बारीक अक्षरं उमटली: ‘नावाडी लिहीत आहे.’

मामांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पाच मिनिटं गेली. सात गेली. बायकोनं चहा आणून ठेवला. बारा मिनिटं झाली. चहावर साय आली. “काही तरी...” बायको बोलायला गेली आणि तिनंच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. बावीस मिनिटांनी ओळ आली.

‘नावाडी आला. होडी बांधली. म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला, कुठे जायचंय?’

मामांनी हात बाहेर काढले आणि कीबोर्डवर ठेवले, आणि काय लिहावं ते त्यांना कळेना. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं ओठांवर असलेला हा माणूस, स्वतःच्या वाक्याची वेळ आली तेव्हा कोरा करकरीत. दोन अक्षरं लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. सगळे खेळाडू वाट बघत होते. मामांनी खाली पाहिलं, तर चपलेतली त्यांची बोटं आत वळली होती.

तेवढ्यात बाजूला एक छोटी चौकट उघडली. तिच्यातलं फक्त मामांनाच दिसणार होतं. राजांनी पाठवलं होतं. दोनच शब्द होते: ‘कुठेच नाही...’

मामा त्याकडे बघत राहिले. फॉर्ममध्ये तर त्यांनी पलीकडे जायचं लिहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना हसूही फुटलं.

“अहो, काय झालं? कुणाचं आहे?” बायकोनं विचारलं.

“विंगेतून आलंय,” मामा म्हणाले. चष्मा पुसून त्यांनी ते दोन शब्द लिहिले आणि पुढचं वाक्य त्यांना आपोआप आलं. ‘म्हातारा म्हणाला, कुठेच नाही. तुझ्याकडेच आलो होतो.’

‘नावाडी लिहीत आहे,’ पुन्हा अक्षरं उमटली. मामांनी गार झालेला चहा जवळ ओढला, खुर्चीला पाठ टेकली आणि ते थांबले.