जांभळे पाय

गेल्या पवित्र गुरुवारी आमच्या परळच्या चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले गेले. त्यांतल्या अकरा जणांचे स्वच्छ झाले. बारावा मी.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमचे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. शिकवण नम्रतेची. पण त्या बारा खुर्च्यांत आपलं नाव लागावं म्हणून लोक काय काय करतात, ते न बोललेलं बरं. (मी स्वतः सात वर्षं पाळकसाहेबांकडे आंब्याची पेटी पोचवतोय. निव्वळ प्रेमापोटी!) यंदा नाव लागलं आणि दादाच्या कानावर जाईल अशा बेताने मी ते चाळभर सांगितलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रत्नाकर. राहतो आमच्याच मजल्यावर, पण नाताळपासून बोलणं बंद. नाताळचं शास्त्रवाचन दरवर्षी माझं असायचं. या खेपेला पाळकसाहेबांनी ते दादाला दिलं आणि तो 'नको' म्हणाला नाही. एवढंच कारण. तरी चार महिने मी त्याच्या दारावरून मान वळवून जात होतो. आतून त्याच्या हसण्याचा आवाज आला की माझा जीव तुटायचा, पण आधी बोलणार कोण? मी तर नाहीच.

तर गुरुवारी दुपारी मी पाय धुतले. (धुवायला न्यायचे पाय घाणेरडे कसे न्यायचे?) अर्धा तास शाम्पूच्या पाण्यात भिजवले, वजरीने टाचा घासल्या, वर खोबरेल चोळलं. सुनंदा, म्हणजे आमची बायको, दारात उभी राहून बघत होती. लग्नाच्या दिवशी तरी एवढे घासले होतेत का, असं तिने विचारलं. मी लक्ष दिलं नाही. दादरच्या फुटपाथवरून खास आणलेले जांभळे मोजे चढवले. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, रंग जांभळा. बघणाऱ्याला कळायला हवं की हा माणूस मोज्यांपर्यंत भक्तिमान आहे. नवीन आहेत, एकदा धुऊन घाला, असं सुनंदा म्हणाली. आध्यात्मिक बाबतीत तू पडू नकोस, असं मी तिला सांगितलं.

लालबागहून मी मुद्दाम चालत गेलो, कारण वाटेत ओळखीचे लोक भेटतात. एप्रिलचा उकाडा, तेल लावलेले पाय आणि घट्ट नवे बूट. खुर्चीत बसून मोजे काढले आणि बघतो तर काय, दोन्ही पाय घोट्यापर्यंत वांग्यासारखे! समोरच्या बाकावर सुनंदा डोळे मिटून प्रार्थना करत होती. तिचे खांदे मात्र गदगदत होते.

पाळकसाहेब एकेक खुर्ची करत अकराव्यापर्यंत आले आणि त्यांचा गुडघाच धरला. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. आता माझं काय, तर ते मागे बघून म्हणाले, "रत्नाकर, तू ये. टॉवेल घे."

अख्ख्या चर्चमध्ये दुसरा माणूस नव्हता का? दादा आला, कमरेला टॉवेल बांधला, कण्हत खाली बसला आणि माझे पाय बघतच राहिला. आता हा हसणार, सगळे हसणार, आणि मला चर्च बदलावं लागणार, हे मी धरूनच चाललो. पण त्याने मुकाट्याने पाणी ओतलं. घमेलं जांभळं झालं. दुसरं पाणी आलं, तेही जांभळं झालं. रंग काही निघेना, आणि दादा अंगठ्याने घासतोच आहे. तिकडे ऑर्गनवाल्याने गीत संपवून पुन्हा पहिल्या कडव्यापासून धरलं.

"दादा, राहू दे," मी म्हणालो. चार महिन्यांतले पहिले शब्द.

"गप बस," तो हळूच म्हणाला. "चाळीच्या नळावर तुझे पाय मीच धुवायचो. तेव्हा नुसता चिखल असायचा."

मला रडूच फुटलं. लोकांना वाटलं, भक्तीने रडतोय. मी तसं वाटू दिलं. त्याने एकेक बोट कोरडं केलं. मग मी हात देऊन त्याला उठवलं आणि तिथेच, सगळ्यांदेखत, त्याची माफी मागितली. त्याने नुसती पाठ थोपटली. माझा भाऊ मला परत मिळाला, त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानतो. पाळकसाहेबांच्या गुडघ्याचेही मानतो.

त्या दिवसापासून माझा गर्व साफ उतरलाय. पुढच्या वर्षी दादाचे पाय मी धुणार, असं ठरवून पाळकसाहेबांना रीतसर अर्जही दिलाय. विनंती एकच केलीय: मी गुडघे टेकेन ती जागा शेवटच्या बाकावरून नीट दिसावी.