मीटर कपाटात सुरक्षित आहे

भोंगा वाजेपर्यंत आम्हाला काही काम नसतं. वसईच्या पूर्वेला कारखान्यांची वसाहत आहे, तिच्या इमर्जन्सी टीममधली आम्ही माणसं. नुसतं बसून बसून किस्से साचतात, आणि ते हसूनच सांगावे लागतात. दुसरं काय करणार?

इथल्या एका वर्कशॉपमध्ये पाइपांच्या जोडांचे एक्स-रेसारखे फोटो काढतात. त्यासाठी किरणोत्सर्गी गोळी असते, जाड डब्यात बंद. म्हणून आम्हाला किरणं मोजायचा मीटर आला. सेफ्टीच्या साहेबांनी तो आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"साहेब, लागला तर?" आमचा लीडर जोसेफदादा म्हणाला.

"फोन करा ना. मी आहेच."

साहेब राहतात ठाण्याला.

* * *

मग छातीवर लावायचे बॅज आले. अंगावर किती किरणं पडली, ते बॅज तपासून कळतं. हरवतील म्हणून तेही कपाटात गेले. तपासणीचा रिपोर्ट अर्थातच स्वच्छ.

"बघा, एकालाही काही नाही," साहेब खूश.

आमच्या टीममधला हरेश, अर्नाळ्याचा कोळी, म्हणाला, "कपाटाची तब्येत चांगली हाय, साहेब."

* * *

संरक्षक सूट आला, तो एकच.

"आळीपाळीने घाला," साहेब म्हणाले.

हरेश म्हणाला, "आमच्या बोटीवर जेवढी मानसं तेवढी जॅकेटं. पानी काय आळीपाळीनं बुडवत नाय."

* * *

एका दुपारी त्याच वर्कशॉपला आग लागली. डबा पडून गोळी बाहेर आली होती आणि तिच्याशेजारी एक कामगार बेशुद्ध पडला होता. साहेबांचा फोन लागेना, आणि मीटर, सूट सगळं कपाटात. जोसेफदादा आगीच्या साध्या कोटावर आत शिरला आणि त्याला ओढत बाहेर घेऊन आला. कामगार वाचला.

पुढे दादाच्या बोटांची सालं निघायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "किती किरणं लागली?" दादाचा बॅज तर कपाटात होता.

"तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाला धोका नाही," डॉक्टर दादाला म्हणाले. "एवढंच मी नक्की सांगू शकतो."

* * *

वसाहतीच्या हॉलमध्ये दादाचा सत्कार ठेवला. स्टेजवर जाण्याआधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. "त्याला हात लावला तर चालेल ना?"

"चालेल. डॉक्टरांनीच सांगितलंय."

साहेबांनी शाल आणि नारळ खुर्चीवर ठेवला आणि ते मागे सरकले. "घ्या, जोसेफ."

दादाने बँडेज बांधलेल्या हातांनी शाल उचलली. घडी मोडली. चालत साहेबांजवळ गेला आणि ती त्यांच्याच खांद्यांवर पांघरली. मग तिची टोकं नीट करत बराच वेळ तिथेच उभा राहिला.