जिल्दवाले चाचा आणि देशमुखबाई

पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की भर रस्त्यात माणसाला अडवणारा अख्ख्या अमरावतीत एकच माणूस होता, आमचे जिल्दवाले चाचा. कॉलेजच्या लायब्ररीची पुस्तकं त्यांच्याकडे बांधायला यायची. समोर प्रोफेसर असो की प्यून, हातातलं पुस्तक ते मागून घ्यायचे, दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ करायचे आणि म्हणायचे, "तुमचा कान असा पिरगाळला तं चालन का तुमाले?" भलेभले ओशाळून हसायचे आणि पुढे जायचे.

आमची त्यांची गाठ पडली ती घरापायी. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला पाच-सहा वर्षं झाली होती. हे मुंबईत कारकुनी करत शिकत होते, एका खोलीत आठ जणांत पथारी टाकून. मी दोन मुलींना घेऊन माहेरी, बाळापुरात; ह्यांचं गावही तिकडचंच. लग्नाला सात वर्षं झाली तरी आमचा संसार म्हणजे पोस्टकार्डं. मग हे एम. ए. झाले आणि अमरावतीच्या कॉलेजात लेक्चररची जागा मिळाली. मुंबईत त्या पगारात धड मोरीही मिळाली नसती. इथे दोन खोल्या, मुलींची शाळा, सगळं निभणार होतं. फक्त घर मिळायचं बाकी होतं.

आणि घर काही मिळेना! खोली दाखवायचे, आडनाव विचारायचे, गाव विचारायचे, आणि मालकाला एकदम आठवायचं की खोली पुतण्याला दिलेली आहे. एवढे पुतणे अमरावतीत राहत होते कुठे, देव जाणे. कॉलेज उघडायला चार दिवस राहिले. तोवर घर मिळालं नाही तर मी मुलींना घेऊन परत बाळापूरला जायचं, असं ठरलं होतं. धाकटी तर वडिलांना अजून 'तुम्ही' म्हणत होती, पाहुण्याला म्हणावं तसं. त्याचंच मला रडू येई.

चौथ्या दिवशी कोणीतरी चाचांचं घर दाखवलं. हे कॉलेजात गेले होते, मी एकटीच गेले. खाली त्यांचं दुकान, खळीचा आंबूस वास, वर दोन रिकाम्या खोल्या. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुस्तकं किती हायेत?"

मी म्हणाले, "देशमुख."

त्यांनी विचारलं पुस्तकांचं आणि मी सांगितलं आडनाव, तेही खोटं! चार दिवस तोच प्रश्न ऐकून कान इतके भ्यालेले होते. आणि घेतलं ते काय, तर एकदम देशमुखी! चाचांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बरं, देशमुखबाई," ते म्हणाले, "सामान कवा आणता?"

संध्याकाळीच सामान आलं, ते वर चढवायला चाचांनीही हात लावला. रात्री ह्यांना सांगितलं तर हे ताटावरून उठायला निघाले. "मी शिकलो ते नाव लपवायला का? आत्ता खाली जाऊन सांगतो." मी हात धरला. म्हटलं, मुलींची वार्षिक परीक्षा होऊ द्या, मग हाकललं तरी चालेल. ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं वेडे, चाचा कॉलेजचीच पुस्तकं बांधतात. तिथे मी कोण आहे हे सगळ्यांना माहीत आहे." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तरी माझ्यासाठी हे खाली गेले नाहीत. त्या दिवसापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघायचे.

चाचा मात्र रोज हाक मारायचे, "देशमुखबाई, नळ आला." "देशमुखबाई, पोरगी पडली पाहा." दिवसातून दहादा देशमुखबाई! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दिवाळीच्या सुट्टीत ह्यांचा जुना शब्दकोश खिळखिळा झाला म्हणून बांधायला द्यायचा होता. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरात ह्यांचं पूर्ण नाव होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि ते पान टरकन फाडलं, मग शब्दकोश खाली चाचांकडे दिला.

तासाभरात चाचा जिना चढून वर. डोळे लाल. "पान काहून फाडलं?"

मी मागे सरले.

"नाव लपवाचं होतं तं मले म्हणाचं होतं, चाचा, पयलं पान पाहू नोका. म्या नसतं पायलं. पर पान फाडाचं? तौबा!"

मी विचारलं, "चाचा, तुमाले मालूम होतं?"

"पयल्या दिवसापासून. चादरीत गुंडाळलेली बुद्धाची तसबीर वर कोनं आनली? म्याच आनली नं. गाठ सुटून राह्यली होती, म्या पुन्ना मारली."

"मंग रोज देशमुखबाई काहून म्हणता?"

"तुमी सांगतलं तेच म्हणतो, बेटी. तुमाले त्याच नावानं झोप येत असन तं माह्यं काय जाते?" मग पुन्हा आवाज चढला, "पान कुठी हाय? चुलीत तं नाही घातलं?"

नव्हतं घातलं. तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. ते काढून दिलं आणि तिथेच बसून मोठ्याने रडले. चार-पाच महिन्यांची भीती एकदम वाहून गेली, इतकं हलकं वाटलं की मध्येच हसूही येत होतं. चाचा बाईमाणसाच्या रडण्याला घाबरून जिना उतरून गेले. चार दिवसांनी शब्दकोश आला. फाटलेलं पान पातळ कागदाची पट्टी लावून जागेवर बसवलेलं, आणि लाल कापडी पाठीवर सोनेरी अक्षरांत ह्यांचं नाव, आडनावासकट. पैसे काही केल्या घेतले नाहीत. वर मलाच दम, "पुन्ना पान फाडलं तं मात्र घर खाली करा लागन."

त्या घरात आम्ही नऊ वर्षं राहिलो. हे घरी जेवले, घरी भांडले, मुलींच्या वह्या तपासल्या. धाकटी ह्यांना 'ए बाबा' म्हणायला लागली. चाचा गेले तेव्हा आम्ही तिथेच होतो. दुकानात अर्धवट शिवलेली पुस्तकं तशीच पडली होती. ती बघून हे लहान मुलासारखे रडले.

पुढच्या वर्षी ह्यांची अकोल्याच्या कॉलेजात नेमणूक झाली. पुन्हा घर शोधणं आलं. घरमालक दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मीच सांगितलं, "आम्ही खंडारे, बाळापूरकडचे. बौद्ध."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आत जाऊन त्यांनी किल्ली आणली. नसती आणली, तर मी दुसरं दार ठोठावलं असतं आणि तिथेही हेच सांगितलं असतं.