माडांतला मांडव

मुंबईतली ड्रॉइंग मास्तरकी सोडून मी आगबोटीने देवबागला परतलो, तेव्हा चाळिशी उलटली होती. घरात कोणी उरलं नव्हतं, आणि चित्रं काढण्याइतका उजेडही नव्हता. म्हणून मागच्या माडांत चार खांब पुरून वर झावळ्या घातल्या. खाडीकडची बाजू मुद्दाम उघडी ठेवली. खाली एकच स्टूल.

आमच्याकडे दारी मांडव दिसला की लग्नच समजतात. दुसऱ्या सकाळी शेजारची काकी नारळ घेऊन आली.

"उशिरा का होईना, बरा झाला रे. व्हकल खंयची?"

नवरी नाही, चित्रं काढायला जागा केली, असं मी जरा तुसडेपणानेच सांगितलं. ती त्या एकट्या स्टुलाकडे बघत राहिली, मग त्यावर नारळ ठेवून गेली.

तो फोडायला मला कारण सापडलं नाही.