सोमीच्या पायाची वीट

क्लार्कनं माझ्या बहिणीचा पाय दाराला लावला.

वाढवून सांगत नाही. जूनचा वारा होता, कचेरीचं दार सारखं आपटत होतं. आईनं पदराखालून वीट काढून त्याच्या टेबलावर ठेवली होती. भाजलेली, लाल, विटेच्या एका बाजूला भट्टीची तीन अक्षरं, दुसऱ्या बाजूला पाच दिवसांच्या पोरीचं पाऊल. पाची बोटं दिसत होती.

"साहेब, माजे पोशीचा पाय हाय हा," आई म्हणाली. "ही भट्टीची अक्षरं. या भट्टीवर झाली ती. सोमवारी झाली म्हणून सोमी."

"अगं, हे काय आणलंस? घर बांधतेस का माझं?"

रांग हसली. आमच्यासारखीच माणसं होती रांगेत, तीही हसली.

"सोमवार म्हणे. वर्षाला बावन्न सोमवार असतात. कुठला सोमवार?"

"माघातला."

"साल?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी चौदा वर्षांची, आठवीतली. सोमी सहा वर्षांची, माझा हात धरून उभी. मला साल माहीत होतं. पण माझा रहिवासी दाखला सही-शिक्का होऊन त्याच टेबलावर पडला होता. बोलले तर तो मागं घेईल, असं वाटलं. मी खाली बघितलं.

दार पुन्हा आपटलं. क्लार्क उठला, वीट उचलली, दाराला लावली आणि हात झटकत म्हणाला, "एवढं तरी काम केलंत. जा आता."

माझा दाखला मला मिळाला. सोमीच्या जन्माची नोंद झाली नाही. बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "बाय, तुला साळंची भाषा येते. वीट माग ना."

"चल. गाडी जाईल," मी म्हणाले.

गाडीला तासभर होता.

कचेरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकीचं लिहिलं तर बाकीच्या सुटतील.

आता वीट कुठून आली ते सांगते. पोशेरा गावाच्या पुढं आमचा पाडा. भात, नागली जेवढी होते तेवढी पिकवायची आणि दिवाळी झाली की भट्टीवर जायचं. मुकादमाची गाडी येते. कोंबड्या, टोप, ताडपत्री, म्हातारी, पोरं, सगळं एका गाडीत. कोणी भिवंडीकडं उतरतं, आम्ही हद्द ओलांडून गुजरातेत. पाऊस तोंडावर आला की परत.

म्हणून आमच्याकडं माणूस महिन्यावरून ठरतं. मी श्रावणातली. पाड्यावर जन्मले, अंगणवाडीच्या बाईनं वहीत लिहिलं, झाले गावची. माझा मधला भाऊ आषाढातला. तोही गावचा. सोमी माघातली. एक आई, एक बाप, एक चूल. पण पावसाळ्यात झालं ते पोर इथलं. भट्टीच्या महिन्यांत झालं ते कुठलंच नाही.

सोमी झाली तेव्हा आई चिखल तुडवत होती. विटांच्या दोन रांगांच्या मधे बसली ती तिथंच. आमच्या पाड्याची एक म्हातारी होती, तिनं नाळ कापली. दवाखाना लांब, मुकादम म्हणाला गाडी रिकामी नाही. पाचव्या दिवशी, पाचवीला, बाबा साच्यानं ओल्या विटा पाडत होते. त्यांनी म्हातारीच्या हातून पोर घेतली आणि ओल्या विटेवर तिचा पाय टेकवला. हसत म्हणाले, "ही बी आता कामाला लागली."

पाय उमटलेली वीट भट्टीचा शेठ घेत नाही. भट्टी उघडली तेव्हा मुकादमानं ती बाजूला फेकली. आईनं ती उचलली, तांदळाच्या गोणीत घालून घरी आणली. तिचा हिशोब सरळ होता. विटेवर भट्टीची अक्षरं आहेत, पोरीचा पाय आहे, म्हणजे कुठं झाली आणि कोण झाली हे दोन्ही आहे. "कागद भिजतं," ती म्हणायची. "वीट नाय भिजत."

सहा वर्षं ती वीट आमच्या उतरंडीच्या मागं होती. सातव्या वर्षी दाराला लागली.

त्यानंतर काय झालं ते ऐका. मला आणि भावाला आश्रमशाळा मिळाली, कारण आमच्याकडं दाखले होते. सोमीला नाही. आम्ही दोघं ताटात भात-आमटी घेऊन बसायचो तेव्हा सोमी भट्टीवर विटा पालटत असायची. ओली वीट उन्हात एका अंगावर सुकली की उलटी करावी लागते. ते काम पोरांचं. पोरं हलकी असतात, रांगांमधून चालली तर विटा मोडत नाहीत. शेठ म्हणायचा, "इस काम में बच्चे का पैर अच्छा रहता है." पाऊल उमटलं तर शिवी द्यायचा तो हाच.

पाड्यावरच्या शाळेत गुरुजींनी कागदाशिवाय तिचं नाव घातलं. पाऊस होता तेवढे महिने ती शाळेत. गुरुजी खरं लिहिणारा माणूस. जन्मस्थळाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, वीटभट्टी, आणि पुढं गुजरातेतल्या गावाचं नाव. खरं लिहिलं आणि सोमी अडकली.

अडकली म्हणजे कशी, ते बघा. इथं म्हणतात, जन्म परराज्यातला, नोंद तिकडून आणा. बाबा आणि मी तिकडं गेलो. तिथला माणूस म्हणाला, "ये तो महाराष्ट्र का मामला है. भट्टीवाले हमारे गाँव के नहीं." शेठकडं गेलो. तो म्हणाला, माझ्याकडं कोण बाई बाळंत झाली, मला काय माहीत. परत इथं, दुसऱ्या एका कचेरीत आलो. तिकडची नोंद नाही तर जन्माचा पुरावा नाही. जन्माचा पुरावा नाही तर रहिवासी नाही. रहिवासी नाही तर जातीचा दाखला नाही. मी विचारलं, "बाप इथला, आजा इथला, मोठी बहीण इथली. मग ही कुठली?" उत्तर आलं, "ते तुम्ही ठरवा."

आम्ही ठरवायचं. सही त्यांनी करायची.

मी मोठी झाले. शिकले, संघटनेत गेले, पत्रकं लिहायला लागले. खोडाळ्याच्या बाजारात उभी राहून ती वाटली. रेशन, रस्ता, दवाखाना, सगळ्यावर बोलले. विटेवर बोलले नाही. कचेरीतला तो दिवस सोमीला आठवत नव्हता, तिनं एकदा विचारलं होतं, "ताई, माझे पायाची वीट गेली कुठं?" मी म्हणाले, हरवली.

सोमीनं शाळा सोडली नाही. अर्ध्या अर्ध्या वर्षाची शाळा केली, नववीपासून काकीच्या घरी राहिली, बारावी झाली. तिला नर्स व्हायचं आहे. कारण विचारलं तर म्हणते, "भट्टीवर कोण नसते बाळंतिणीपाशी." या पावसाळ्यात प्रवेशाची यादी लागणार होती. जातीचा दाखला जोडायचा होता. आठ दिवस हातात.

आई, सोमी आणि मी, तिघी त्याच कचेरीत गेलो.

वीट दारालाच होती.

बारा वर्षं. वर चुना सांडलेला, एक कोपरा उडालेला. पाऊल वरच्या बाजूला. येणारा जाणारा पायानं सरकवून सरकवून करंगळी झिजलेली. सोमी तिथंच थांबली. आईनं तिला सांगितलं नव्हतं, मीही नाही. पण तिनं आपली चप्पल काढली आणि पाऊल त्या पावलाशेजारी ठेवून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

मी वाकले आणि वीट उचलली. दार धाडकन आपटलं.

"ओ ताई! वीट खाली ठेवा." क्लार्क नवीन होता. "ऑफिसची आहे ती."

"कुणाची?"

"ऑफिसची. सरकारी. मी आलो त्याच्या आधीपासून इथंच आहे."

आता बघा. एकाच भट्टीवर, एकाच आठवड्यात वीट आणि सोमी, दोघी झाल्या. एकाच गाडीतून एकाच हद्दीवरून आल्या. वीट इथली झाली. नुसती इथली नाही, सरकारी झाली. तिच्याकडं कुणी जन्माचा पुरावा मागितला नाही.

मी हे सगळं त्याच्या तोंडावर बोलले. मोठ्यानं. रांग या वेळी हसली नाही. आतून साहेब आले. तरुण होते, सभ्य होते, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी मदत करतो तुम्हाला. भट्टीचं नाव कशाला काढता? गावात घरी जन्म झाला असं प्रतिज्ञापत्र करा. आईचा अंगठा, दोन साक्षीदार. शाळेतलं दुरुस्त करून घेऊ. चार दिवसांत काम होईल."

चार दिवस. यादीला आठ होते.

आई लगेच म्हणाली, "लिहू दे ना, बाय. काय जातं आपलं?" तिचा अंगठा पुढं झालाच होता. आणि मीही खरं सांगते. पत्रकं लिहिणारी मी, माझ्याही तोंडात हो आलं होतं.

सोमी म्हणाली, "नाय."

साहेब हसले. "अगं, तुझ्याच भल्याचं आहे."

"साहेब, उद्या पडताळणीत कोणी विचारलं, तर खोटी मी ठरन. तुमी नाय." मग आईकडं वळली. "आन आय, तू माला तिथं चिखलात जन्म दिला. एकटीनं. ते झालाच नाय, असा अंगठा देशील?"

आईनं अंगठा मुठीत घेतला.

मी बारा वर्षांपूर्वी खाली बघितलं होतं. सोमी साहेबांच्या डोळ्यांत बघत होती. माझी लाज तेव्हा गेली असं नाही. पण ती घेऊन गप्प बसायचं संपलं. मी वीट टेबलावर ठेवली, पाऊल वर करून. म्हणाले, "खरा अर्ज घ्या. जन्म भट्टीवर, आईबाप इथले. दाखला देत नसाल तर देत नाही असं लिहून द्या."

"असं लिहून देता येत नाही, ताई."

"मग नाही म्हणू नका."

पाऊण तास ते फोन करत होते. आम्ही उठलो नाही. शेवटी अर्ज घेतला, पोच दिली. पोचेवर शिक्का आणि आवक नंबर. दाखला नाही. निघताना क्लार्क विटेकडं बघत होता. मी ती पिशवीत टाकली. दार मागं आपटत राहिलं.

यादी लागली. सोमीचं नाव नाही. साहेब सभ्य होते आणि सोमीचं एक वर्ष गेलं, दोन्ही खरं आहे. कुणी म्हणतं, खोटं लिहिलं असतं तर पोरगी आज शिकत असती. मला म्हणतात ते. रोज मीही मला म्हणते. पण ज्यांनी गाडी रिकामी नाही म्हटलं, ज्यांनी आमची भट्टी नाही म्हटलं, त्यांच्या वतीनं माझ्या आईनं अंगठा द्यायचा नाही.

मी पाड्यापाड्यानं फिरते आहे. घरोघरी एकच विचारते, पावसाळ्याचं पोर कोणतं आणि भट्टीचं कोणतं? आयाबाया दाराआडून एकेक पोर पुढं ढकलतात.

दिवाळीनंतर गाडी येईल. बाबा जातील, आई जाईल. सोमी आणि मीही जाणार. साच्याला आम्ही हात लावणार नाही. वही घेऊन जाणार. या माघात भट्टीवर जे मूल होईल त्याचं नाव, दिवस, वार, आईबाप लिहायचे, आणि त्याच आठवड्यात तिथल्या कचेरीत जायचं. नाही म्हणाले तर नाही लिहून घ्यायचं. नाही लिहून देईपर्यंत उठायचं नाही.

आणि सोमीचा अर्ज. त्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, वीटभट्टी. तो शब्द आम्ही खोडणार नाही. कचेरी बोलावेल त्या प्रत्येक तारखेला वीट घेऊन जाणार. टेबलावर ठेवणार. दाराला लावू देणार नाही.