भस्म कुणीकडं उडालं

नागनाथमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डब्यातल्या अळ्या मोजत होते. मोजणी पूर्ण केली, आकडा लिहिला आणि मग रडले. ही शिस्त मामांचीच.

मामा मुरूम गावचे, आमच्या प्रयोगावरचे रोजंदारी मजूर. तुळजापूरजवळच्या सागवानात आम्ही विद्यार्थी साहेबांच्या हाताखाली ड्रोनने औषध फवारून पाहत होतो. सागाच्या पानांची चाळणी करणारी अळी या औषधाने लगेच मरत नाही. कात टाकायला निघाली की अडकते आणि मरते. अर्ध्या झाडांवर फवारा मारायचा, अर्धी कोरडी ठेवायची, म्हणजे फरक कळतो. ड्रोन उडवण्याआधी मामा बटव्यातलं चिमूटभर भस्म हवेत सोडायचे. मी इंग्रजी शाळेतली, वाऱ्याचं यंत्र घेऊन उभी. मामा हसायचे, "ताई, तुमचं यंत्र वारं किती ते सांगतंय. कुणीकडं, ते माझं भस्म सांगतंय."

त्या सकाळी भस्म आडवं उडालं, थेट कोरड्या झाडांकडं.

"साहेब, आज नको. लई वारं हाय."

बघायला पाहुणे आले होते. साहेब म्हणाले, "नागनाथ, पूजा घरी करत जा."

ड्रोन उडाला. पुढं दोन्हीकडच्या अळ्या सारख्याच मेल्या, प्रयोग वाया गेला. साहेबांच्या अहवालात आलं, मजुराने नमुन्यांच्या डब्यांची अदलाबदल केली. मामांचं काम गेलं.

"ताई, तुमी तर बघितलं न्हवं?"

माझ्या शिफारसपत्रावर साहेबांची सही व्हायची होती... मी खाली बघितलं. मामांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त कोरड्या झाडाखाली लावलेला पिवळा कागद माझ्या हातात दिला. थेंब पडला की हा कागद निळा होतो. त्यावर निळ्या ठिपक्यांची गर्दी होती आणि मागं मामांच्या अक्षरात झाडाचा नंबर. "ठेवा. कधीतरी लागंल."

मामा लबाड ठरूनच गेले. आज संध्याकाळी त्यांची शोकसभा आहे आणि साहेब बोलणार आहेत. भाषण टाइप करायला माझ्याकडेच दिलं होतं. त्यात 'प्रामाणिक सहकारी' असं दोनदा आलंय. मी एक अक्षरही बदललं नाही. शेवटच्या पानाआधी फक्त तो पिवळा कागद लावलाय. मी लिहिलेलं हे छापून येईल तोवर भाषण त्यांच्या हातात पडलेलं असेल. शिफारसपत्र मी सकाळीच फाडलं.

माफ वगैरे मी करणार नाही. घाईही नाही, आमचं औषध कसं काम करतं, ते मला ठाऊक आहे. मामींनी दिलेला मामांचा बटवा घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार आहे... साहेब उभे राहिले की चिमूटभर भस्म सोडून बघेन, वारं आज कुणीकडं आहे.