पेज सोडून सगळं बंद

"तुम्हाला शुगर आहे," असं डॉक्टरांनी म्हटल्यावर मी पहिल्यांदा खाली, माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही जागेवर होते.

माझ्या वडिलांचा डावा पाय याच रोगाने नेला होता. चप्पल चावून फोड आला, फोड चिघळला, आणि शेवटी गोव्याच्या इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे ते दोन वर्षं जगले. नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणून चिडायचे, आणि आम्ही घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघत बसायचो. त्यामुळे डॉक्टर पुढे काय काय सांगत होते ते अर्धंच माझ्या कानांवर पडलं.

हे डॉक्टर कोल्हापूरकडचे. मालवणात येऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. मी हायस्कुलात गणित शिकवायचो, वय सेहेचाळीस, उंची बेताची आणि वजन ब्याण्णव किलो. त्यांनी समजावून सांगितलं ते असं : 'फास्टिंग ब्लड शुगर' म्हणजे रात्रभर उपाशी राहून सकाळी तपासलेली रक्तातली साखर. माझी ती बरीच जास्त होती. "मास्तर, तीन महिने कडक पथ्य करा. वजन उतरलं तर साखरही उतरेल. नाही उतरली, तर इन्सुलिन." इन्सुलिन म्हणजे रोज टोचून घ्यायचं इंजेक्शन. वडिलांसाठी सुई उकळायचं भांडं आमच्या माळ्यावर अजून होतं.

पथ्याचा कागद माझ्या बायकोने, सुमतीने, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर चिकटवला. साखर बंद, बटाटा बंद, तळलेलं बंद, नारळ बंद. दुपारी एक वाटी भात, रात्री दोन चपात्या आणि पालेभाजी. सुमतीने तो कागद कोर्टाच्या हुकमासारखा पाळला. बिनखोबऱ्याच्या कालवणात बांगडा एकटाच पडलेला असायचा, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत जेवायचो. शेजारच्या लग्नात मी पंगतीला न बसता वाढायला उभा राहिलो. लोकांना वाटलं, मास्तर किती मनमिळाऊ.

वजन करायला मी बाजारातल्या एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे जायचो. पोती तोलायचा त्याचा मोठा काटा होता. दर रविवारी दोन पोत्यांच्या मधे मी उभा राहायचो आणि तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं वजन सांगायचा.

तिसऱ्या रविवारी म्हणाला, "मास्तर, छटाक कमी नाय. खोबरा सुकला, तुमी काय सुकनास नाय."

लोक हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र मोरीत बसून दोन्ही तळवे आरशात बघितले. तो माझा रोजचाच उद्योग झाला होता. अंगठ्याच्या बाजूला एक तांबूस ठिपका दिसला. दोन दिवस मी वर्गातही कापडी बूट घालून शिकवलं. तिसऱ्या दिवशी ठिपका आंघोळीत धुऊन गेला, शाळेच्या तांबड्या शाईचा होता तो.

सहा आठवडे झाले तरी वजन जागचं हललं नाही. साखर पुन्हा तपासली, तीही तेवढीच. डॉक्टरांनी मला बारकाईने विचारलं, सकाळपासून काय काय खाता? मी प्रामाणिकपणे सांगितलं. बिनसाखरेचा चहा, एक वाटी भात, कालवण, चपात्या, भाजी. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एवढ्यावर कुणाचंही वजन उतरायला हवं. मला हे लक्षण बरं दिसत नाही."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. वाटेत जेटीजवळ थांबलो. सरळ पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेलो आणि परत वर आलो, पाय अजून चालतात का ते बघायला. खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो. मुलगी तेव्हा आठवीत होती. मी खुर्चीत बसून नसलेला पाय खाजवतोय, असं चित्र सारखं डोळ्यांपुढे यायचं.

शेवटी डॉक्टरांनी ठरवलं की एक दिवस इस्पितळात ठेवून घेऊ, जेवण आपल्या नजरेखाली देऊ आणि सकाळी आपल्यासमोर रक्त काढू. संध्याकाळी मला खाट मिळाली. रात्रीचं मोजून जेवण झालं, आणि सकाळी रक्त देईपर्यंत काही खायचं नाही, अशी ताकीद दिली गेली.

सकाळी साडेसहाला सुमती किटली घेऊन हजर झाली.

"पेज तरी घेवा. रिकाम्या पोटार रगात कसा देतलात?" ती म्हणाली.

तिचं म्हणणं मला पटण्यासारखंच होतं. मी पेला तोंडाला लावला. रक्त काढायला आलेली सिस्टर इथलीच, वेंगुर्ल्याकडची. ती सुई ट्रेमध्ये ठेवून अदबीने बाजूला उभी राहिली. "सावकाश घ्या मास्तर, गरम असेल," म्हणाली. तेवढ्यात डॉक्टर आत आले.

"हे काय चाललंय?"

"काही नाही, पेज," मी म्हणालो.

"मी उपाशी राहायला सांगितलं होतं."

"उपाशीच आहे."

"सर, उपाशीच आहेत ते," सिस्टरने माझी बाजू घेतली. "नुसती पेज घेतलीय."

सुमतीनेही मान डोलावली. डॉक्टर आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग स्टूल ओढून बसले, किटलीत डोकावले आणि म्हणाले, "यात काय आहे, ते मला नीट सांगा."

यात काय असणार? उकडे तांदूळ, भरपूर पाण्यात मऊ शिजवलेले, मीठ घालून. सकाळी दोन पेले, शाळेच्या मधल्या सुट्टीत एक, आणि पथ्यामुळे अशक्तपणा वाटतो म्हणून सुमती संध्याकाळीही एक द्यायची. आमच्याकडे पेज खात नाहीत, पितात. ज्याला काही खाता येत नाही त्याला पेज देतात. ती जेवणात कोण धरणार? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काही लपवलं नव्हतं. घेतलेल्या श्वासाचा हिशेब कोणी देतं का, तसंच ते होतं.

"पहिल्या तपासणीलाही घेऊन आला होतात?"

"रोजच घेतो. जन्मल्यापासून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत हे कळायला मला जरा वेळ लागला. सुमतीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. "मीच देय होतंय," ती पुटपुटली.

मला आणखी एक दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या सकाळी जन्मात पहिल्यांदा मी खरोखरच्या रिकाम्या पोटाने रक्त दिलं. निकाल येईपर्यंत इस्पितळाच्या बाकावर मी किती देव आठवले ते सांगत नाही. साखर सीमेवर होती. "मधुमेह अजून घरात आलेला नाही. फाटक उघडून उभा आहे," डॉक्टर म्हणाले. "पेज बंद करा, तो परत जाईल."

पेज सोडणं तळलेला बांगडा सोडण्यापेक्षा कठीण गेलं. सकाळ उजाडली तरी सुरू झाली नाही असं वाटायचं. सुमतीने स्वतःचीही पेज बंद केली. पण पाच महिन्यांत चौदा किलो उतरले, सुईचं भांडं माळ्यावरून खाली आलंच नाही, आणि व्यापाऱ्याने बाजारात जाहीर केलं की मास्तर आता सुक्या खोबऱ्यात जमा.

तुमच्यापैकी कुणाला असं पथ्य सांगितलं, तर एवढंच करा : ओठांतून आत जाणारी प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना सांगा, प्यालेली, चाटलेली, प्रसादाची, सगळी. त्या कोल्हापूरच्या डॉक्टरांनी किटलीत डोकावून बघितलं, म्हणून मी आज चालतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या काळात एका गोष्टीने मात्र मला फार पोखरलं. आमची आई तेव्हा वालावलला धाकट्या भावाकडे असायची. वडिलांच्या आजारात तिने त्यांना साखरेचा कण दिला नव्हता. चहा कोरा, आंबा नाही, सणाला पुरणपोळी नाही. आणि माणूस आजारी म्हणून दिवसातून चार वेळा, स्वतः उशाशी बसून, पेज.

वजन उतरल्यावर मी तिला भेटायला गेलो. एसटीतून उतरून घरापर्यंत चालत. तिने माझे गाल चाचपले, दंड चाचपला आणि काळजीने म्हणाली, "किती रे वाळलंस. पेज तरी घेतंस मा?"

"घेतंय गो आये," मी म्हणालो. "रोज घेतंय."